खाणपट्ट्यात जुनं घर घेताना: संचकार देण्याआधी बांधकाम कसं तपासावं

बेळगाव आणि खानापूर तालुक्यात खाण नाही असं गाव शोधावं लागतं. खाण म्हणजे काही मोठी कंपनीचीच असायला हवी असं नाही. माळावर चिरा, म्हणजे जांभ्याचा कापीव दगड, काढलेला खड्डा असतो, टेकडीच्या पोटात खडीची क्वारी असते, खानापूरकडे विटांसाठी आणि कौलांसाठी माती उपसून शेतं कमरेएवढी खाली गेलेली असतात. चंदगडच्या सड्यांवरचं बॉक्साईट ट्रकांनी बेळगावजवळच्या यमनापूरच्या ॲल्युमिनियम कारखान्यात यायचं. खाली उत्तर कन्नड जिल्ह्यात जोयड्याच्या जंगलात मँगनीजच्या खाणी चालल्या आणि बंद पडल्या. माणसं खाण सोडून जातात, खड्डा मात्र तिथंच राहतो. तो बुजवला जातो, त्यावर गवत येतं, मग प्लॉट पडतात किंवा शेजारचं जुनं घर विकायला निघतं.

जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर सुट्टीत राहायला म्हणून, निवृत्तीनंतर गावाकडं परतायचं म्हणून, किंवा शहरात परवडत नाही म्हणून अशी घरं घेणारे बरेच आहेत. घेऊ नका असं मी म्हणणार नाही. चांगल्या चिऱ्याचं, कौलारू घर नीट राखलं तर पुढची पिढीही त्यात राहील. पण संचकार, म्हणजे सौद्याचा इसार, देण्याआधी तपासणी झाली पाहिजे. आणि कर्ज मंजूर झालं म्हणजे घर तपासलं गेलं, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. बँकेचा व्हॅल्युअर मिळकतीची किंमत ठरवायला येतो. तो माळ्यावर चढत नाही, तुळईचं टोक टोचून बघत नाही. त्याचा अहवाल बँकेसाठी असतो, तुमच्यासाठी नाही.

आधी जमीन, मग घर

इतर ठिकाणी मी भिंतीपासून सुरुवात करेन. या पट्ट्यात जमिनीपासून करतो, कारण भिंत दुरुस्त होते, भरावावर बसलेला पाया सहजासहजी होत नाही.

विक्रेत्याकडून सर्व्हे नंबर घ्या आणि मोबाईलवर 'दिशांक' ॲप उघडून त्या जागेवर उभे राहा. कर्नाटक सरकारचं हे ॲप तुम्ही कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहात ते नकाशावर दाखवतं. शेजारचे चारही नंबर लिहून घ्या. मग घरी येऊन संगणकावर गूगल अर्थमध्ये त्याच जागेची जुनी उपग्रह चित्रं मागं-मागं नेऊन बघा. आज जिथं सपाट लाल मैदान दिसतं तिथं काही वर्षांपूर्वी चौकोनी कडा असलेला खड्डा किंवा पाण्याचं हिरवट डबकं दिसलं, तर उत्तर मिळालं. चिरेखाणीचा खड्डा ओळखायला सोपा असतो, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ दिसतात.

'भूमी' या कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून आरटीसी, म्हणजे आपला पहाणी उतारा काढा. त्यात क्षेत्राच्या रकान्यात 'खराब', म्हणजे लागवडीला न येणारी, म्हणून किती जागा धरलीय ते बघा. खराब्याचे दोन प्रकार असतात, अ आणि ब. ब खराबा ओढा, वाट अशा सार्वजनिक वापराची जागा असते, ती मालकाला विकता येत नाही. खड्ड्याची, ओढ्याची जागा कागदावर बहुतेकदा खराब्यातच सापडते. विक्रेता दाखवतो ते अंगण त्यात जातंय का हे सर्व्हेअरकडून मोजून घ्या.

यानंतर गावात बसा. सर्वात खरी माहिती कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांकडे आणि गवंड्यांकडे असते. "काका, इथं पूर्वी काय होतं ओ?" असा प्रश्न विचारला की नुसतं "माळ होता की" असं उत्तर मिळतं. त्यापेक्षा "ह्या घराचा चिरा कुठल्या खाणीतला?" असं विचारा. मग कुठली खाण कुणी काढली, किती खोल गेली, कुणाचं जनावर त्यात पडलं, केव्हा बुजवली, सगळं बाहेर येतं. शेजारच्या दोन-चार घरांत जाऊन भिंतींना भेगा आहेत का तेही बघून या. एकाच घराला भेगा असतील तर दोष घराचा असू शकतो. ओळीनं चार घरांना एकाच दिशेच्या भेगा असतील तर जमीन हलतेय.

खड्डा खणून बघा

भरावाचा संशय आला तर मालकाची परवानगी घेऊन जोत्यापासून थोडं लांब, माणूस उभा राहील एवढा खड्डा खणून घ्या. एका ठिकाणी नाही, निदान दोन कोपऱ्यांत. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

असा एक खड्डा नजरेसमोर आहे. वरची वीतभर झकास लाल मुरूम, चोपून बसवलेली. खाली फुटकी कौलं, विटांचे तुकडे, त्याच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या आणि लहान मुलाची एक चप्पल. पहार नुसती टेकवली तरी आत जात होती. वर मात्र 'एन.ए. प्लॉट, पक्की जमीन' असा बोर्ड. अशी जमीन स्वतःच्या वजनानंच वर्षानुवर्षं बसत राहते, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत मुरलं की एकदम बसते. घराचा एक कोपरा मूळ कातळावर आणि दुसरा भरावावर असेल तर सगळ्यात वाईट, कारण एक बाजू हलत नाही आणि दुसरी खचते. भिंत मधोमध फाटते ती तिथं.

मूळ जमीन कशी ओळखायची? जांभा असेल तर खणताना पहारीला एकसारखा विरोध होतो आणि माती एकाच रंगाची, छिद्राळ गोळ्यांची निघते. मात्र जांभ्याचा थर फसवा असू शकतो. वर दगड कठीण आणि त्याच्या खाली मऊ, साबणासारखी पांढरट-पिवळी शेडी माती, असं पश्चिमेकडं पुष्कळ ठिकाणी असतं. चिरे काढताना वरचा कठीण थर नेला आणि शेडीवर पाया टाकला, तर घर पहिल्या पावसापासून तक्रार सांगू लागतं. घर मोठं असेल, किंवा वर मजला चढवायचा विचार असेल, तर खड्ड्यावर थांबू नका, बोअर घेऊन माती तपासणी करून घ्या. बेळगावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या सिव्हिल विभागांत यासाठीच्या लॅब असतात, बाहेरचं काम घेतात का ते विचारा.

निपाणी, चिकोडी, बैलहोंगलकडे काळ्या मातीचा प्रश्न वेगळा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घराच्या भेगाही त्याप्रमाणे उघडतात-मिटतात. तिथलं घर एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा भर पावसात बघितल्याशिवाय ठरवू नये.

कड किती लांब

उघडी खाण शेजारी असेल तर तिच्या कडेपर्यंत चालत जा. जांभ्याची उभी कड वर्षानुवर्षं ताठ उभी राहते आणि मग एखाद्या श्रावणात मोठ्ठा तुकडा घेऊन खाली येते. कडेला समांतर, गवतात लपलेली चीर दिसतेय का ते बघा, वाकलेली झाडं आणि तिरके झालेले कुंपणाचे खांब बघा. माझा साधा हिशोब असा: खाण जितकी खोल, निदान तितकं अंतर तरी कडेपासून भिंतीपर्यंत हवंच. माती ढिली असेल तर दीडपट. हा नियम कुठल्या कायद्यात नाही. एवढं अंतर नसेल तर जमिनीचं काम जाणणाऱ्या इंजिनिअरला कड दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे तर पावसातच कळतं. बेळगाव शहरापेक्षा कणकुंबीला कितीतरी पटीनं पाऊस पडतो, त्यामुळे शहरात चालणारं गटार तिथं चालत नाही. बुजवलेल्या खाणीच्या तळाशी साठलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, आणि पुष्कळदा ती वाट तुमच्या मागच्या भिंतीतून असते. आषाढात एकदा तरी जाऊन या. दलाल "आत्ता रस्ता खराब आहे, दिवाळीनंतर बघू" म्हणाला की आत्ताच जा.

वीटभट्टीसाठी माती काढलेल्या सखल शेतातले प्लॉट दिसायला मोठे आणि स्वस्त असतात. तिथं शोषखड्डा पावसाळ्यात उलटा भरतो, जोतं रस्त्याच्या बरंच वर घ्यावं लागतं, आणि या भरावाचा खर्च किमतीत कुणी धरलेला नसतो.

भिंती

सामान फार लागत नाही. ओळंबा, पाणी भरलेली पारदर्शक नळी, टॉर्च, मोजपट्टी, जुना स्क्रूड्रायव्हर, पेन्सिल. बरोबर ओळखीचा गवंडी असेल तर उत्तम.

आधी जोत्याची पातळी. नळीत पाणी भरून एक टोक एका कोपऱ्यावर आणि दुसरं पुढच्या कोपऱ्यावर धरा. असे चारही कोपरे करा. जुन्या घरात बोट-अर्धा बोट फरक गवंड्याच्या हातातलाही असतो. पण फरक एकाच दिशेनं वाढत जात असेल, दारं त्याच बाजूला अडकत असतील आणि फरशीवर गोटी त्याच बाजूला पळत असेल, तर तो कोपरा खचतोय.

मग भेगा. केसासारख्या, एक मिलिमीटरच्या आतल्या भेगा गिलाव्याच्या असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. पाच मिलिमीटरपर्यंतच्या भेगा नोंदवून ठेवा. पाचच्या वर गेली, किंवा करंगळी आत जाते, तर इंजिनिअरशिवाय पुढं जाऊ नका. रुंदीइतकीच दिशा बोलकी असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी, चिऱ्यांच्या सांध्यासांध्यातून पायऱ्या चढल्यासारखी भेग म्हणजे पाया एका बाजूला बसलाय. ती वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर कोपरा बाहेर लवतोय. दोन भिंतींच्या जोडावर सरळ उभी फट असेल तर बहुधा एक भिंत नंतर बांधलीय आणि सांधलेली नाही. वाशांच्या बरोबर खाली आडवी भेग आणि भिंत बाहेर झुकलेली, तर छप्पर भिंतीला बाहेर ढकलतंय. ओळंबा सोडून झुकाव मोजा.

भेग जुनी की जिवंत? आत धूळ, कोळ्याची जाळी, रंग असेल तर जुनी. कडा स्वच्छ, टोकदार असतील तर ताजी. विक्रेता मानत असेल तर भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका लावून त्यावर पेन्सिलनं तारीख घाला आणि पुढच्या खेपेला बघा. ठिपका फुटला तर भिंत अजून हलतेय. आणि घर विकायच्या आधी नुकतंच एकाच खोलीला नवं पुट्टी-रंगकाम झालं असेल, तर त्या खोलीत जास्त वेळ काढा.

चिऱ्याच्या भिंतीचे खालचे दोन-तीन थर नखानं खरवडून बघा. चांगला चिरा खाणीतून ओला निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून कठीण होतो. वर्षानुवर्षं ओलीत बसलेला चिरा मात्र भुकटी होत जातो. सिमेंटचा जाड गिलावा मारून ओल 'बंद' केलेली असेल तर टिचकी मारा. पोकळ आवाज येतो तिथं गिलावा सुटलाय आणि आत चिरा कुजतोय. अशा भिंतीला श्वास घेऊ देणारा चुन्याचा गिलावा लागतो, पण आता चुन्याचं काम येणारे गवंडी कमी उरलेत, दुरुस्तीच्या अंदाजात हे धरा.

मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतीबाबत एक गोष्ट आवर्जून तपासायची. अशी भिंत आत आणि बाहेर दोन थरांची असते, मध्ये दगडांच्या कपच्या आणि माती. दोन्ही थरांना बांधणारे आरपार लांब दगड घातले नसतील तर थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंतीला पोट येतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती, वर मातीचं जड छप्पर घेऊन, झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या भूकंप नकाशात बेळगाव विभाग ३ मध्ये येतं, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या धक्क्याची आठवण इथले जुने लोक अजून सांगतात. पोट आलेली भिंत दिसली तर ती उतरवून पुन्हा बांधायचा खर्च धरा, नाहीतर घर सोडा.

ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात मातीच्या भिंतींची असंख्य घरं पडली, आणि नुकसानीप्रमाणे ए, बी, सी असे वर्ग पाडून भरपाई दिली गेली. ज्या घरावर तुमचा डोळा आहे त्याला तेव्हा किंवा नंतर भरपाई मिळाली होती का, कुठल्या वर्गात, हे ग्रामपंचायतीत विचारा.

छप्पर आणि स्लॅब

कौलारू घर बाहेरून लांबून बघा. आढं मध्ये लवलंय का? मग माळ्यावर चढा. तुळई मधून नाही कुजत, भिंतीत शिरते तिथं कुजते. तिथंच स्क्रूड्रायव्हर टोचा. सागवानात टोक आत जात नाही. लाकूड पिठासारखं निघालं किंवा ठोकल्यावर पुठ्ठ्यासारखा आवाज आला तर ते टोक गेलं. भिंतीवरून चढणाऱ्या वाळवीच्या मातीच्या नळ्या दारामागं, फळीमागं, देवघराच्या मागं शोधा. कौलं बदलणं स्वस्त, वासे बदलणं परवडतं, पण सगळ्या तुळया बदलायच्या तर छप्पर उतरवावं लागतं.

जुन्या मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंतींवर कौलं काढून स्लॅब ओतलेलं घर या भागात सर्रास दिसतं. त्या भिंती कौलांच्या वजनासाठी होत्या. स्लॅबखाली लिंटेलचा (दारं-खिडक्यांच्या वरचा) किंवा छताचा काँक्रीटचा सलग पट्टा नसेल तर असं घर मी स्वतःसाठी घेणार नाही. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डाग, पोपडे, उघडी सळई दिसली तर गंज आत पोचलाय.

सुरुंगाचा दिवस

जवळची क्वारी चालू असेल तर सुरुंग उडतो त्या वेळी घरात बसा. वेळ गावकऱ्यांना पाठ असते. खिडकीचं तावदान वाजतं का, ताटातलं पाणी थरथरतं का, कौलांतून धूळ पडते का. हा अंदाज झाला. मोजायचंच असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी मर्यादा दिल्यात: कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १०, त्यावर १५. सिस्मोग्राफनं हे मोजता येतं. विशेष म्हणजे सावकाश, लांबलचक हेलकावा घराला जास्त मारक असतो, म्हणून खालच्या वारंवारतेला मर्यादा कडक आहे. मातीच्या भरावावरचं घर हाच हेलकावा जास्त खातं.

बंद क्वारी कायमची बंद असेल असं धरू नका. शेजारच्या सर्व्हे नंबरांवर खाणपट्टा मंजूर आहे का, मुदत कधीपर्यंत आहे, नवा अर्ज आलाय का, हे बेळगावच्या खाण व भूविज्ञान खात्याच्या कार्यालयात लेखी विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

पाणी एकदा लॅबमध्ये द्या. जोयड्याच्या मँगनीजच्या भागात भांड्यांवर, फरशीवर काळे डाग दिसले तर मँगनीज मोजायलाच सांगा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर ०.३ पर्यंत चालतं. क्वारी खोल गेल्यावर विहिरीचं पाणी उतरलं का, हे शेजारणीला विचारा, तिच्या कळशीला ते माहीत असतं.

इंजिनिअर, कागद, संचकार

एवढं केल्यावर घर अजून आवडत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. दलालानं आणलेला नको, विक्रेत्याचा भाऊबंद नको. फी आधी ठरवा आणि अहवाल लेखी मागा: प्रत्येक भेगेचं ठिकाण, रुंदी, फोटो, पायाचा प्रकार, जमिनीबद्दल मत, आत्ता लगेच करायची दुरुस्ती, पाच वर्षांत करायची दुरुस्ती, आणि दोन्हींचा खर्चाचा अंदाज. "घर ठणठणीत आहे" असं एका ओळीचं पत्र देणाऱ्याला पैसे देऊ नका. जे बघता आलं नाही, जसं की फरशीखालचा पाया, तेही अहवालात लिहायला सांगा.

कागदांत ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या घराला ई-स्वत्तुचा (पंचायतीतल्या मिळकतींच्या ऑनलाईन नोंदींचा) फॉर्म ९ आणि ११ए असणं आणि फक्त ११बी, म्हणजे रीतसर मंजुरी नसलेल्या मिळकतीचा उतारा, असणं यात फार फरक आहे. ११बीवर कर्ज आणि बांधकाम परवाना दोन्हींचा घोळ होतो. बोजा प्रमाणपत्र, म्हणजे ईसी, १ एप्रिल २००४ नंतरचं नोंदणी खात्याच्या 'कावेरी' संकेतस्थळावर ऑनलाईन निघतं, आधीचं उपनिबंधक कार्यालयातून हातानं काढावं लागतं. तीस वर्षांचं काढा. शेतजमिनीवर घर असेल तर बिगरशेतीचा हुकूम स्वतः डोळ्यांनी बघा. आणि हे सगळे कागद कन्नडमध्ये असतात. बोलण्यापुरतं कन्नड येणं वेगळं आणि खरेदीखताची कन्नड समजणं वेगळं. तुमच्या वतीनं वाचणारा वकील किंवा बाँडरायटर (दस्तलेखक) हवा, आणि त्यानं ओळ न् ओळ मराठीत सांगितल्याशिवाय सही नको.

संचकारपत्रात तीन गोष्टी घाला. बांधकाम तपासणीचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला आणि त्यात पाया, जमीन किंवा मुख्य भिंतीचा दोष निघाला तर संचकार पूर्ण परत. जागेवर किंवा लगत पूर्वी खाण, भराव, सुरुंगाचं नुकसान, अतिवृष्टीची भरपाई यांपैकी काय घडलं याचं विक्रेत्याचं लेखी निवेदन. आणि मोजणी करून हद्दीचे दगड दाखवल्यावरच खरेदी. विक्रेता पहिल्या अटीला कुरकुर करेल, त्यावर मुदत कमी करून तडजोड करता येते. दुसऱ्या अटीला तो सरळ नाही म्हणाला, तर त्याला काय माहीत आहे याचा अंदाज बांधा.

दुरुस्तीचा आकडा हातात आला की किमतीची बोलणी करा, आधी नाही. तुळया आणि चुन्याचा गिलावा किमतीतून वजा करून मागता येतात. खचणारा पाया वजा करून मागू नका, तो सौदा सोडा.

ताबा मिळाला की सामान आणण्याआधी प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे तारखेसह फोटो काढा, भेगांशेजारी मोजपट्टी धरून. पुढं क्वारी सुरू झाली आणि तक्रार करायची वेळ आली, तर कुठली भेग आधीची आणि कुठली नंतरची हे त्या फोटोंशिवाय सिद्ध होत नाही.